राखेखालचा विस्तव

वयाची पन्नाशी उलटली की निद्रादेवी माणसाशी थोडी फटकूनच वागू लागते. रात्री दहाला डोळा लागतो आणि दोन-अडीचच्या सुमारास कोणी हाक मारल्यासारखी जाग येते. कूस बदलण्याचे सारे प्रयोग संपले, म्हणजे मी उठतो आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतो. आमचे पाटण हे कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावरचे गाव. अशा अवेळी ते इतके निःशब्द असते की, पावसाळ्यात नदीचा आवाज थेट माझ्या खिडकीपर्यंत येतो. बाजारपेठ झोपलेली, एस. टी. स्टँड झोपलेला, भुंकून भुंकून दमलेली कुत्रीही झोपलेली. त्या वेळी जागे असे आम्ही दोघेच: एक मी आणि दुसरा समोरच्या टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर. त्याच्या माथ्यावरचा लाल दिवा माझ्याकडे टक लावून पाहत असतो.

प्रथम प्रथम मला या सोबत्याचा मोठा आधार वाटे. आपल्याप्रमाणेच दुसऱ्या कोणाला तरी झोप येत नाही, ही जाणीव निद्रानाशावरचे अर्धे औषध आहे. परंतु पुढे पुढे मनात एक प्रश्न डोकावू लागला. मी जागा आहे, कारण मला झोप येत नाही. हा कशासाठी जागा आहे? या घटकेस सबंध गावात कोणी कोणाशी बोलत नसणार. मग न येणाऱ्या पाहुण्यासाठी सर्व दिवे लावून, चूल पेटती ठेवून बसलेल्या यजमानासारखे याने का बसावे? आणि या चुलीला सरपण किती लागत असेल?

आम्हा प्राध्यापक लोकांना प्रश्न पडला की उत्तर शोधण्यासाठी ग्रंथालयाकडे जाण्याची खोड असते. मला मात्र उत्तर चालत घरी आले. माझा एक जुना विद्यार्थी हल्ली तालुक्यातील टॉवरांच्या देखभालीचे काम करतो. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि माझ्या व्याख्यानांचा त्याच्यावर यत्किंचितही परिणाम झाल्याचे मला स्मरत नाही. परंतु दिवाळीत नमस्काराला येण्याचे तो चुकत नाही. लाडू-चिवडा पुढे ठेवून मी त्याला विचारले, ‘‘अरे, रात्री दोन वाजता गावात चिटपाखरू जागे नसते. तेव्हा तुझा टॉवर काय करीत असतो?’’

‘‘वरडत असतोय, सर,’’ तो शांतपणे म्हणाला.

‘‘ओरडतो? कोणाला?’’

‘‘कुणालाच न्हाई. ‘मी हितं हाय, मी हितं हाय’ असं सारखं सांगत बसतोय. न सांगून कसं चालंल? तुमच्या फोनला कळाय नको का, कुठल्या टॉवरला धरायचं ते?’’

एखादा विषय समजावून देण्यात सारा जन्म घालविलेल्या माणसालाही हेवा वाटावा, असे ते उत्तर होते. पुढे मी या विषयावरची पुस्तके चाळली, तेव्हा त्याच्या त्या एका वाक्याचाच विस्तार तेथे आढळला. फोर-जीच्या रचनेत टॉवरला आपल्या अस्तित्वाची खूण प्रत्येक मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागागणिक, प्रसृत करावी लागते. मग ऐकणारा असो वा नसो. त्यामुळे एकही मनुष्य बोलत नसताना टॉवरावरील यंत्राला जी वीज लागते, ती भर गर्दीच्या वेळी लागणाऱ्या विजेच्या निम्म्याहून अधिक भरते. फाइव्ह-जीच्या शिल्पकारांनी या आरडाओरड्याला थोडा आळा घातला आहे. तेथे ही खूण सामान्यतः वीस मिलिसेकंदांनी एकदा दिली जाते आणि प्रसंगी ते अंतर एकशे साठ मिलिसेकंदांपर्यंत वाढविता येते. एकशे साठ मिलिसेकंद म्हणजे आपली पापणी लवण्याचा अवधी. पण यंत्राला तेवढ्यात डुलकी काढता येते. मिनिटाला शेकडो अशा डुलक्या मिळाल्या म्हणजे रात्रभरात बरीच झोप पदरात पडते. मला स्वतःला हे साधले असते, तर मी खिडकीशी बसलो नसतो!

आपण सामान्य माणसे विजेचा विचार करतो तो आपल्या हातातल्या यंत्रापुरता. आमच्या घरी मोबाइल चार्जिंगला लावून विसरला की लगेच बोलणी बसतात. परंतु हिशेब मांडून पाहिला, तर हा मोबाइल बिचारा अगदीच मिताहारी आहे. आजकालच्या मोबाइलची बॅटरी रोज रिकामी करून रोज पूर्ण भरली, तरी सबंध वर्षात दहा युनिटेसुद्धा वीज लागत नाही. उलट एखाद्या टॉवरचा भार दोन-तीन किलोवॉट धरला, तर त्याला दिवसाकाठी पन्नास ते सत्तर युनिटे हवीत. माझा मोबाइल वर्षभर जेवढे खातो, त्याच्या कितीतरी पट तो एका दिवसात फस्त करतो. साऱ्या मोबाइल-जाळ्याच्या विजेपैकी फार मोठा वाटा या टॉवरांच्याच पोटात जातो. आणि आपल्या देशात आज असे टॉवर काही लक्ष आहेत.

बरे, हे सारे अन्न अंगी लागत असते तरी समाधान होते. जुन्या पद्धतीच्या टॉवरांत यंत्र खाली खोलीत असे आणि अँटेना वर टोकाला. मधल्या जाड केबलमधून चढताना जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच विरून जाई. जणू गळक्या घागरीने डोंगरावर पाणी वाहून नेण्याचा प्रकार. त्याआधी रेडिओच्या लहरींना बळ देणारे जे प्रवर्धक यंत्र, ते मिळालेल्या विजेतील थोडाच भाग लहरींना देई आणि उरलेल्याची उष्णता करी. मग खोली तापली म्हणून वातानुकूलन यंत्र. आणि त्याला पुन्हा वीज. आधी पैसे देऊन खोली तापवायची आणि नंतर पैसे देऊन ती थंड करायची, हा व्यवहार आमच्या गावच्या कोणत्याही शेतकऱ्याने वेडेपणाचा ठरविला असता.

यावर तोडगे निघाले, ते मात्र त्या शेतकऱ्याला तत्काळ पटतील असे आहेत. यंत्रच उचलून वर अँटेनाजवळ बसविले आणि तेथवर काचतंतू नेला. गळकी घागर संपली. वाऱ्यावर थंड राहणारी पेटी आली. बंद खोली आणि वातानुकूलन बऱ्याच ठिकाणी नाहीसे झाले. प्रवर्धकासाठी तर विल्यम डोहर्टी या अमेरिकन अभियंत्याने १९३६ साली काढलेली युक्ती धूळ झटकून पुन्हा बाहेर काढण्यात आली. त्याने ती काढली होती नभोवाणी केंद्रांच्या प्रचंड यंत्रांसाठी. तिचे मर्म समजण्यास आमच्या कुंभार्ली घाटाकडे पाहावे. घाटाच्या पायथ्याशी जुन्या काळी गाडीला जादा बैलजोडी जोडीत आणि चढण संपली की सोडून देत. सपाटीलाही चार बैल जुंपून चालणारा गाडीवान जसा मूर्ख, तसाच लहरींच्या सपाटीलाही सारी शक्ती जुंपणारा प्रवर्धक. डोहर्टीने दोन प्रवर्धक जोडले. एक नेहमी चालणारा. दुसरा केवळ चढणीपुरता. आठ-नऊ दशकांपूर्वीची ही बैलजोडी आज जगभरच्या टॉवरांवर राबते आहे.

काटकसरीचा दुसरा धडा याहूनही सोपा आहे: जवळच्या माणसाशी हळू बोलावे. मोबाइलच्या जाळ्याची मूळ कल्पनाच या शहाणपणावर उभी आहे. १९४७ सालच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांनी एका टिपणात असे सुचविले की, सबंध प्रदेशासाठी एकच उंच मनोरा उभारून त्याच्याकडून गर्जना करविण्याऐवजी प्रदेशाचे मधमाशांच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे पाडावेत आणि प्रत्येक कप्प्यात कमी आवाजाचा एकेक मनोरा ठेवावा. म्हणजे एकाच लहरी दूरच्या कप्प्यात पुन्हा वापरता येतील. त्यांचा उद्देश लहरींची बचत हा होता. परंतु शक्तीची बचतही त्यात आपोआप साधते. डोंगर, झाडे, घरे यांच्या गर्दीत लहरींचे बळ अंतराच्या साधारण चौथ्या घाताने क्षीण होत जाते. म्हणजे अंतर निम्मे झाले की सोळाव्या हिश्श्याच्या शक्तीत काम भागते. थ्री-जीच्या काळापासून तर टॉवर आणि मोबाइल एकमेकांना ‘थोडे हळू, थोडे मोठ्याने’ असे सेकंदाला पंधराशे वेळा बजावू लागले. शिवाय संभाषणात प्रत्येक माणूस साधारण निम्मा वेळ ऐकतच असतो, हे ध्यानी घेऊन त्याच्या मौनाच्या क्षणी त्याचे प्रक्षेपण थांबविण्याचीही सोय आहे. आमच्या स्टाफरूममधील संभाषणाचा अभ्यास झाला असता, तर ही सोय निरुपयोगी ठरली असती, ही गोष्ट वेगळी!

तथापि पोळ्याचे सुबक कप्पे कागदावर जितके शोभतात, तितके ते आमच्या तालुक्यात शोभत नाहीत. पाटण तालुका म्हणजे सह्याद्रीने मुठीत घट्ट धरून चुरगाळलेला कागद. कोयना, केरा, मोरणा, तारळी अशी एकेका नदीची एकेक दरी. आणि दोन दऱ्यांच्या मध्ये लहरींना न ओलांडता येणारी भिंत. सडावाघापूरच्या पठारावर उभे राहावे तर चारी दिशांचे टॉवर हाकेला ओ देतात. आणि खाली एखाद्या वाडीत उतरावे तर मोबाइलवरची रेघ न् रेघ नाहीशी होते. २०२० सालच्या टाळेबंदीत माझे कित्येक विद्यार्थी व्याख्यान ऐकण्यासाठी घराबाहेर पडून डोंगर चढत. प्रत्येक वाडीचा एक ठरलेला ‘रेंजचा दगड’ होता. माझ्या व्याख्यानासाठी कोणी डोंगर चढल्याचे माझ्या आयुष्यातील ते एकमेव उदाहरण! अशा दरीत मोबाइलही दूरच्या टॉवरला ऐकू जावे म्हणून आपला आवाज शिगेला नेतो, तापतो आणि दुपारच्या आत मान टाकतो. एकाने केलेली बचत दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे काटकसर नव्हे, हे तेथे पटते.

या तालुक्याच्या नशिबी आणखी एक विचित्र योग आहे. येथील कोयनेचे पाणी १०३ मीटर उंचीच्या धरणाने अडविले आणि सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस पोफळीकडे नेऊन त्यातून वीज उत्पन्न केली. १९६२ साली सुरू झालेला हा प्रकल्प वाढत वाढत सुमारे १,९६० मेगावॉट क्षमतेचा झाला. त्यासाठी कित्येक गावे शिवसागराच्या तळाशी गेली. १९६७ सालच्या ११ डिसेंबरच्या पहाटे झालेल्या भूकंपाने या भूमीवर जो घाव घातला, त्याची आठवण घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढे गेल्या शतकाच्या अखेरीपासून वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचे अरण्य उभे राहिले. पाणी आमचे, वारा आमचा; आणि त्यावर उभी राहिलेली वीज साऱ्या महाराष्ट्राची. याबद्दल तक्रार नाही. परंतु त्याच पठाराच्या कडेचा एखादा टॉवर वादळात विजेची तार तुटल्यावर डिझेलच्या जनित्रावर धडधडू लागतो, तेव्हा सोन्याच्या खाणीशेजारी पितळेचे दागिने घालून बसल्यासारखे वाटते. माझा विद्यार्थी डिझेलचे कॅन पिकअप गाडीतून नेतो आणि गाडीरस्ता संपला की खांद्यावरून. डिझेलच्या एका लिटरमधून लहान जनित्र जेमतेम तीन युनिटे वीज काढते आणि अडीच किलोंहून अधिक कर्बवायू हवेत सोडते. हा प्रश्न सरकारच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. २०१२ सालच्या जानेवारीत केंद्रीय दूरसंचार विभागाने फर्माविले होते की, ग्रामीण टॉवरांपैकी निदान निम्मे आणि शहरी टॉवरांपैकी २० टक्के २०१५ पर्यंत सूर्य-वारा यांसारख्या अक्षय साधनांच्या जोडीने चालावेत. २०२० पर्यंत हेच प्रमाण अनुक्रमे ७५ आणि ३३ टक्के व्हावे. दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या. माझ्या विद्यार्थ्याच्या खांद्यावरचा कॅन अद्याप उतरलेला नाही, एवढे मी पाहतो.

येथपर्यंतचा माझा विचार पैशाचा, डिझेलचा आणि फार तर धुराचा होता. काटकसर ही चांगली गोष्ट, या पलीकडे त्यात काही नव्हते. तो विचार बदलला एका रात्रीने.

२०२१ सालच्या जुलैची २२ तारीख. पाऊस असा कोसळत होता की खिडकीतून टॉवरचा लाल दिवाही दिसेनासा झाला. माझी थोरली बहीण, आमची अक्का, मोरगिरीच्या बाजूला डोंगराच्या कुशीतल्या एका गावात राहते. संध्याकाळी तिचा फोन आला. ‘‘इकडे लाईट गेली आहे. ओढ्याचा आवाज आज काही वेगळाच येतोय. पण तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस,’’ असे ती म्हणाली. ज्या वाक्याच्या शेवटी घोर लावून घेऊ नकोस असे येते, ते वाक्य ऐकल्यावर कोणाला झोप लागली आहे? दहाला मी फोन केला, तेव्हा ती बोलली. बारानंतर केला, तेव्हा एक बाई गोड आवाजात म्हणाली की, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. त्या रात्री मी तो गोड आवाज किती वेळा ऐकला असेन, देव जाणे! सकाळी बातम्या येऊ लागल्या. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या होत्या; झोपेत असलेली माणसे घरांसकट गाडली गेली होती. अक्काच्या गावाचे नाव त्यांत नव्हते. पण ज्या गावाशी कोणाचाच संपर्क नाही, त्याचे नाव बातमीत येणार तरी कसे? रस्ते वाहून गेलेले, नद्यांना पूर. तो सारा दिवस आणि पुढची सारी रात्र मी हातातल्या त्या मुक्या यंत्राकडे पाहत काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. भाचा चिखलातून चालत चालत रेंज मिळेल अशा जागी आला होता आणि कोणाचा तरी मोबाइल मागून बोलत होता. ‘‘मामा, आम्ही सगळे नीट आहोत,’’ एवढेच त्याला बोलता आले आणि मला तर तेवढेही बोलता आले नाही.

पुढे महिन्याभराने माझा विद्यार्थी भेटला, तेव्हा मी त्याला त्या टॉवरविषयी विचारले. माझी समजूत अशी की, तो वादळाने मोडला असावा. ‘‘त्याला काय धाड भरलीय, सर?’’ तो म्हणाला, ‘‘टॉवर जाग्यावर हुता, यंत्र चांगलं हुतं. सांजच्याला लाईट गेली. बॅटरी मध्यरातीपतोर पुरली. जनित्रातलं डिझेल आदीच सरत आलं हुतं, आन् रस्ताच न्हाई तर न्यायचं कसं? उपाशी मेला त्यो.’’

‘उपाशी मेला’ हे त्याचे शब्द मनात घर करून राहिले. मी कागद घेऊन एक साधा हिशेब मांडला. समजा, टॉवरच्या बॅटऱ्यांत तीस युनिटे वीज साठलेली आहे. त्याचा आहार तीन किलोवॉटचा असेल, तर ती दहा तास पुरेल. तोच आहार दीड किलोवॉटवर आणला, तर वीस तास. आणि संकटाच्या वेळी चित्रे, गाणी, सिनेमे सारे बंद ठेवून केवळ बोलणे आणि निरोप एवढ्यापुरता तो अर्ध्या किलोवॉटवर चालविता आला, तर साठ तास, म्हणजे अडीच दिवस! माझा भाचा चिखल तुडवीत आला, त्याला जवळजवळ तेवढाच वेळ लागला होता. टॉवर जागा असता म्हणून दरड थांबली नसती, हे मला कळते. पण दरडीखालून वाचलेल्याला हाक मारता आली असती आणि ती हाक कोणी तरी ऐकली असती.

त्या हिशेबाच्या कागदाकडे पाहताना मला आमच्या आजीची आठवण झाली. रात्री जेवणे उरकली, ओटा सारवून झाला, की ती चुलीसमोर बसे. जळती लाकडे बाहेर ओढून विझवी, निखारे एका कोपऱ्यात गोळा करी, त्यांत गोवरीचा एक तुकडा खुपसून वरून राख ओढी. चूल काळी पडे. मला वाटे, विझली. पण पहाटे ती उठून राख बाजूला सारी आणि फुंकणीने दोन फुंकरा घाली, की आतून लालबुंद विस्तव डोळे उघडी. मी एकदा तिला विचारले होते, ‘‘आजी, लाकडे वाचावीत म्हणून झाकतेस ना?’’ ती म्हणाली, ‘‘लाकडं वाचतातच रे. पण रात्री कुणाचं पोट दुखलं, बाळंतिणीला शेक लागला, तर इस्तू हाताशी नको का?’’ आणि एखाद्या दिवशी विस्तव विझलाच, तर मला शेजारच्या घरी गोवरी देऊन पिटाळीत आणि मी ती पेटवून आणी. शेजारधर्मात विस्तव देण्याला नकार नसे.

आज मोबाइल-जाळ्याची वीज वाचविण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ जे करू पाहत आहेत, ते माझ्या आजीच्या चुलीहून फारसे निराळे नाही. रात्री वर्दळ ओसरली की टॉवरावरील जादा लहरींची यंत्रे निजवावीत आणि लांबवर पोहोचणारी, खालच्या पट्ट्यातील एकच लहर निखाऱ्यासारखी राखेखाली जागती ठेवावी. कोणी हाक मारताच फुंकर घालून बाकीच्यांना उठवावे. एका कंपनीचे यंत्र निजले असेल, तर शेजारच्या कंपनीच्या टॉवराने तिच्या गिऱ्हाइकाला विस्तव द्यावा. आपत्तीच्या प्रसंगी सरकारी आदेशाने अशी शेजारधर्माची व्यवस्था आपल्या देशात केली जाते. ती केवळ आपत्तीपुरतीच का असावी, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. शहरात जेथे हाकेच्या अंतरावर दहा टॉवर आहेत, तेथे त्यातील पाच खुशाल निजावेत. परंतु ज्या दरीला एकच टॉवर आहे, तेथे शेजारच डोंगरापलीकडे राहतो. तेथील निखारा कोणत्याही हिशेबाने विझू देता कामा नये. काटकसर आणि कृपणता यांतील भेद नेमका येथे आहे. कृपण मनुष्य लाकूड वाचविण्यासाठी विस्तव विझवितो. काटकसरी मनुष्य विस्तव टिकविण्यासाठी लाकूड वाचवितो.

आणि ही काटकसर एकट्या यंत्रांनी करून भागणार नाही. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहून असे दाखविले की, वाफेचे यंत्र जितके कमी कोळशात चालू लागले, तितकी यंत्रे वाढली आणि कोळसा अधिकच जळू लागला. मोबाइलचे तसेच आहे. २०१६ नंतर आपल्याकडे डेटा स्वस्त झाला आणि आपण तो नदीच्या पाण्यासारखा उधळू लागलो. मी कोणाला दोष देत नाही. रोज सकाळी सूर्योदय आणि गुलाबाच्या फुलासह मला ‘शुभ प्रभात’ चिंतणारे निदान चाळीस स्नेही आहेत. आणि उलट शुभेच्छा न पाठविल्यास त्यांना राग येतो, म्हणून मीही तेच गुलाब पुढे ढकलतो. खरा सूर्य खिडकीबाहेर फुकट उगवत असतो, तिकडे आमच्यापैकी कोणाचेच लक्ष नसते. एकेक गुलाब नगण्य आहे, हे खरे. पण आजीच्या चुलीतली एकेक काटकीही नगण्यच होती.

काल रात्री पुन्हा अडीचला जाग आली. खुर्ची ओढून बसलो. टेकडीवरचा लाल दिवा नेहमीप्रमाणे टक लावून पाहत होता. विद्यार्थ्याने मागच्या भेटीत सांगितले होते की, या टॉवरावर नवी यंत्रे बसली आहेत आणि रात्री बारानंतर त्यातली बरीचशी आता निजतात. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. काळ्या पडलेल्या चुलीत विस्तव आहे की नाही, हे तरी लांबून कोठे कळते?

एकाएकी अक्काची आठवण झाली. या वेळी फोन केला, तर ती घाबरून उठेल आणि सकाळी मला चार शब्द सुनावील, हे ठाऊक होते. तरी मोबाइल हातात घेतला. एक क्षणभर शांतता. आणि मग पलीकडे, डोंगरामागच्या त्या दरीत, घंटी वाजू लागल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मी चटकन फोन बंद केला. तिला उठवावयाचे नव्हतेच. विस्तव जागा आहे, एवढेच पाहावयाचे होते.